धंदा सांगा, दुखणं सांगतो

नाडी बघा, जीभ बघा आणि मग विचारा, "काम काय करता?" डॉक्टरांच्या प्रश्नावलीत ही भर घातली इटलीतल्या बर्नार्दिनो रामात्झिनींनी. मोदेनात त्यांच्या घरचा मैल्याचा हौद उपसायला आलेला माणूस जिवाच्या आकांताने हात चालवत होता. "जरा दमानं घे," हे म्हणाले. तो म्हणाला, चार तासांच्या वर इथं थांबलं तर डोळे जातात! रामात्झिनींनी चौकशी केली, तर गावातल्या अर्धवट आंधळ्या भिकाऱ्यांत या धंद्यातले बरेच निघाले. १७०० साली त्यांनी चाळीसहून अधिक धंद्यांच्या दुखण्यांवर लॅटिनमध्ये पुस्तकच काढलं. आपल्या केसपेपरवर मात्र धंद्याची ओळ अजून बहुधा कोरीच असते.

काही धंदे उलट वाचवतात. १८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर कॉलऱ्याने हाहाकार उडाला. साथीचा माग काढणारे डॉक्टर जॉन स्नो तिथल्या बिअरच्या कारखान्यात गेले, तर सत्तरच्या वर कामगार आणि कॉलऱ्याने मेलेला एकही नाही. कारखान्याची स्वतःची विहीर होती, शिवाय कामगारांना बिअर फुकट. साथ पसरवणाऱ्या रस्त्यावरच्या पंपाकडे जातंय कोण!

लंडनचाच आणखी एक किस्सा, माझ्या मते सगळ्यांत झकास. डबलडेकर बसचा ड्रायव्हर आणि कंडक्टर एकाच गाडीत, एकाच धुरात, जवळपास एकाच पगारात. पण १९५३ मध्ये डॉक्टर जेरी मॉरिस यांनी दाखवलं, की ड्रायव्हरांना हृदयविकार बराच जास्त, आणि झालाच तर तो जीवघेणा ठरण्याची भीतीही जास्त. ड्रायव्हर पाळीभर बसून. कंडक्टर तिकिटं फाडत दिवसाला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढायचा. शंकेखोर म्हणाले, जाडे लोकच ड्रायव्हर होत असतील! मॉरिसनी मग गणवेशाची मापं काढली. ड्रायव्हरांच्या पँटची कंबर खरोखरच मोठी निघाली. पण सडपातळ ड्रायव्हरसुद्धा सडपातळ कंडक्टरपेक्षा जास्त धोक्यात होता. म्हणजे दोष नुसत्या पोटाचा नव्हता. बेस्टच्या डबलडेकरचा तो अरुंद जिना आठवतोय ना? मॉरिस स्वतः ९९ वर्षं जगले.

आता सोमवार. सोमवारी अंगावर काटा येतो तो आळसानेच असं नाही. कापड गिरणीत ब्लो रूम आणि कार्डिंग खात्यात कापसाची धूळ छातीत जाते. सुट्टीनंतरच्या पहिल्याच पाळीला छाती आवळून येते, पुढे आठवडाभर हळूहळू सैल पडते. बिसिनोसिस या रोगाची ही सुरुवात. वर्षं सरली की सोमवार-मंगळवार असा भेदच राहत नाही, रोजच धाप. मुंबईच्या गिरणगावाने हे भरपूर सोसलं. डायनामाइटच्या कारखान्यांतही सोमवारी डोकं ठणकायचं, कारण नायट्रोग्लिसरिन रक्तवाहिन्या रुंदावतं. दोन-तीन दिवसांत शरीराला सवय व्हायची, पण सुट्टीत ते मिळालं नाही की काहींच्या छातीत कळ यायची. म्हणून सुट्टीच्या दिवशी टोपीच्या पट्टीला थोडं चोळून ठेवणारे महाभागही होते! याच पदार्थावर गब्बर झालेल्या आल्फ्रेड नोबेलना शेवटी डॉक्टरांनी हृदयासाठी नायट्रोग्लिसरिनच लिहून दिलं.

पेहरावही कधी नडतो. काश्मीरमध्ये फेरण या सैल झग्याखाली निखाऱ्यांची कांगडी धरून बसणाऱ्यांना पोटाच्या-मांडीच्या कातडीचा कर्करोग होतो. आपल्याकडचा मासला म्हणजे धोतर. मुंबईच्या डॉ. वसंत खानोलकरांनी १९४५ मध्ये कमरेवर वर्षानुवर्षं धोतर घट्ट कसल्याने होणाऱ्या कर्करोगाची नोंद केली. परकराच्या नाडीनेही तोच प्रकार पुढे दिसला. प्रकार दुर्मीळ, घाबरू नका. पण कमरेवरचा काळा, चरचरणारा पट्टा जखम होऊन बरा होईना, तर दाखवून घ्या.

शेवटी गोठा. अमेरिकेतले अमिश आणि हटराइट हे दोन ख्रिस्ती पंथ. दोघेही मूळ मध्य युरोपातले शेतकरी, रक्ताने जवळचे, राहणीही साधी. अमिश मुलांत दमा पाच टक्क्यांच्या आसपास, हटराइट मुलांत एकवीसच्या. फरक शेतीत. अमिश घोड्यांनी नांगरतात, गोठा घराला लागून, पोरं तिथंच लोळतात. हटराइटांची शेती यंत्रांवर, जनावरं घरापासून लांब. २०१६ च्या अभ्यासात दोन्हीकडच्या घरांतली धूळ घेऊन तिचा अर्क उंदरांच्या नाकात सोडला. अमिश धुळीने दम्यासारखा त्रास आटोक्यात ठेवला, हटराइट धुळीने उलट भडकवला. ती धूळ बाटलीत भरून विकायला अजून कुणी आणलेली नाही. आणली, तर शेणाचा वास काढून लव्हेंडरचा नक्की घालतील.