साउंड कार्ड: ऐकण्यासाठी की उतरवून घेण्यासाठी?

दुकानात साउंड कार्ड मागितलं की आधी आकडे समोर येतात: ३२ बिट, ३८४ किलोहर्ट्झ, ७.१ चॅनल. त्यांच्या नादी लागण्याआधी घरीच एक गोष्ट ठरवावी. संगणकातला आवाज ऐकायचा आहे, की बाहेरचा आवाज संगणकात उतरवून घ्यायचा आहे? फक्त ऐकायचंच असेल, तर बहुतेक घरांना वेगळं कार्ड लागत नाही.

पूर्वी ते लागायचं. सुरुवातीच्या पीसीत टुक्‌टुक करणारा बारीक स्पीकर तेवढा असे. १९८७मध्ये अ‍ॅडलिब आणि १९८९मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचं साउंड ब्लास्टर ही कार्डं आली, तेव्हा कुठे पीसीतून संगीत वाजू लागलं. पुढे इंटेलने १९९७च्या सुमारास एसी ९७ आणि २००४मध्ये एचडी ऑडिओ ही मानकं आणली आणि आवाजाची चिप मदरबोर्डवरच आली. आज साध्या बोर्डवरची चिपही सीडीच्या दर्जाचा, म्हणजे १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झचा आवाज सहज वाजवते. माणसाचा कान फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो, वयाबरोबर त्याहूनही कमी. ते सगळं सीडीच्या दर्जात मावतं. कार्डाचे पैसे चांगल्या हेडफोनवर घालावेत, फरक पहिल्याच गाण्यात कळतो.

तरी खरखर येते, ही तक्रार मात्र खरी असते. हेडफोन लावा, काहीही न वाजवता आवाज पूर्ण वाढवा आणि माउस हलवा. त्याच्या हालचालीबरोबर बारीक किरकिर ऐकू आली, तर कॅबिनेटमधल्या विजेच्या गोंगाटाचा तो परिणाम आहे. पुढच्या सॉकेटची वायर त्या गोंगाटातूनच येते, म्हणून आधी मागचं सॉकेट वापरून बघावं. पुष्कळदा तेवढ्यानेच भागतं. नाही भागलं, तर काही शे रुपयांचं यूएसबी साउंड कार्ड पुरेसं आहे, कारण त्यात आकड्यांचा आवाज होण्याचं काम कॅबिनेटच्या बाहेर होतं. लॅपटॉपला स्पीकर जोडल्यावर एकसुरी घुमणारा आवाज येत असेल, तर चार्जर काढून बघा. घुमणं थांबलं, तर दोष बहुधा अर्थिंगच्या फेऱ्याचा, म्हणजे ग्राउंड लूपचा असतो. तिथे नवं कार्ड कामाला येईलच असं नाही. स्पीकरच्या वायरीत बसवायचा स्वस्त ग्राउंड लूप आयसोलेटर घ्यावा.

रियाज रेकॉर्ड करणाऱ्यांचं आणि ऑनलाइन गाणं शिकणाऱ्यांचं गणित निराळं. स्टुडिओतल्यासारखा कंडेन्सर माइक लावायचा तर बहुधा ४८ व्होल्टचा फँटम पॉवर लागतो. तो लॅपटॉपच्या सॉकेटमधून मिळत नाही. तो पुरवणारा, एक माइक घेणारा छोटा ऑडिओ इंटरफेस काही हजारांत मिळतो. त्यावर डायरेक्ट मॉनिटरची, म्हणजे माइकचा आवाज संगणकात न फिरता थेट हेडफोनमध्ये ऐकण्याची सोय आहे ना, हे आवर्जून बघावं. संगणकातून फिरून येणारा आवाज ३० मिलिसेकंद उशिरा आला, तर तो दहा मीटरांवरून आल्यासारखा होतो आणि तबलजीचा हात अडखळतो. तानपुरा पलीकडे पोचत नसेल, तर मात्र कार्डाला दोष देऊ नका. व्हिडिओ कॉलचं सॉफ्टवेअर तो एकसंध सूर पंख्याचा आवाज समजून पुसतं. झूममध्ये त्यासाठी ‘ओरिजिनल साउंड’ची सोय आहे, ती चालू करावी.

साउंड कार्डाचा घरातला सगळ्यात मोलाचा उपयोग माझ्या मते जुन्या कॅसेट उतरवून घेण्याचा. नाट्यगीतांची मैफल, आजोबांचं कीर्तन, बारशाला म्हटलेले पाळणे असं कितीतरी अजून कपाटात पडून आहे. डेस्कटॉपच्या मागे निळं सॉकेट असेल, तर ते सहसा स्टिरिओ लाइन-इन असतं. टेपडेकची लाइन-आउट वायर तिथे जोडली की झालं, काही विकत घ्यायला नको. लॅपटॉपची अडचण अशी, की त्याचं सॉकेट सहसा माइकपुरतं आणि मोनो असतं. डेकचा जोरकस सिग्नल तिथे फाटतो. स्वस्त यूएसबी कार्डांचीही बहुधा हीच गत, म्हणून खोक्यावर ‘स्टिरिओ लाइन-इन’ लिहिलेलं शोधावं. बेहरिंगरच्या यूसीए २०२ला लाल-पांढऱ्या पिनांचं इनपुट आहे आणि ते १६ बिट, ४८ किलोहर्ट्झवर चालतं. कॅसेटला हे भरपूर झालं. साध्या फितीतला सगळ्यात मोठा आवाज आणि तिची सरसर यांत ५०-६० डेसिबलचं अंतर असतं, आणि १६ बिटांत ९६ डेसिबल मावतात.

वाचलेल्या पैशांतून डेकची दुरुस्ती करून घ्यावी. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावं. आवाज दबका येत असेल, तर हेडशेजारचा छोटा स्क्रू किंचित फिरवल्यावर स, श, झांजा खुलतात. महागड्या कार्डाने हे साधत नाही. ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट आहे. त्यात सगळ्यात चढा स्वर उणे सहा डेसिबलच्या आसपास राहील असं बघावं आणि फाइल वेव्हमध्ये ठेवावी. सीडीच्या दर्जात ९० मिनिटांची कॅसेट साधारण ९५० एमबी जागा घेते.

आणि सुरुवात घरच्या आवाजांपासून करावी. बाजारात विकल्या गेलेल्या कॅसेटची प्रत दुसऱ्या कुणाकडे तरी सापडेल, आजीच्या ओव्यांची नाही. त्या फाइलच्या दोन प्रती काढून एक दुसऱ्या घरी, भावाबहिणीकडे ठेवावी.