चित्राची गती आणि ध्वनीची गती

चलच्चित्रात वस्तुतः काहीच हालत नसते. स्थिर चित्रे त्वरेने एकामागून एक डोळ्यांपुढून जातात आणि आपणांस गतीचा भास होतो. अशा प्रत्येक चित्रास फ्रेम म्हणतात. ध्वनीची नोंद मात्र निराळ्या रीतीने होते. व्हिडिओ फाइलीत ध्वनिलहरीचे मोजमाप दर सेकंदास बहुधा ४८,००० वेळा घेतलेले असते. एकाच फाइलीत अशा दोन स्वतंत्र गणती शेजारी शेजारी चालतात. दोन निरनिराळ्या फाइली जोडताना ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात, याचे मूळ बहुधा येथेच सापडते.

सर्व फाइलींची गती एक का नसावी, असा प्रश्न वाचकांस पडेल. मूकपटांच्या काळी कॅमेरा पुष्कळदा हाताने फिरवीत आणि गती कमीअधिक झाली तरी चाले. बोलपट आल्यावर तसे चालेना, कारण गतीतील लहानसा फरकही कानास आवाजाच्या चढउतारातून कळतो. म्हणून सेकंदास २४ फ्रेम हे प्रमाण रूढ झाले. दूरचित्रवाणीने विजेच्या आवर्तनांशी मेळ घातला. भारतात व युरोपात वीज ५० आवर्तनांची, म्हणून २५ फ्रेम. अमेरिकेत ६० आवर्तनांची, म्हणून ३०. पुढे १९५३ मध्ये अमेरिकेने रंगीत प्रक्षेपणाची पद्धती स्वीकारली, तेव्हा रंगाचा संकेत व ध्वनीचा संकेत यांच्या संयोगाने पडद्यावर व्यत्यय दिसू नये यासाठी ही गती सुमारे एक सहस्रांशाने घटविण्यात आली व ती २९.९७ झाली. एका देशातील ही तडजोड आजही जगभरच्या कॅमेऱ्यांत नांदत आहे! तिच्यामुळे ३० व २९.९७ यांत गफलत झाल्यास तासाभरात ३.६ सेकंदांचे अंतर पडते.

आता २४ गतीचा दहा मिनिटांचा माहितीपट २५ गतीच्या फाइलीस जोडावयाचा आहे, असे समजू. त्यात १४,४०० फ्रेम आहेत. जोडणाऱ्या प्रोग्रॅमने पहिल्या फाइलीची गती यांनाही लावली, तर त्या ५७६ सेकंदांतच संपतील. ध्वनी मात्र पुरी ६०० सेकंदे चालेल, म्हणजे अखेरीस तो २४ सेकंद मागे पडलेला असेल.

दोष ओळखण्याची खूण सोपी आहे. चित्र व ध्वनी यांतील अंतर आरंभापासून अखेरपर्यंत सारखेच असेल, तर ध्वनी तेवढा पुढे वा मागे सरकविला की काम भागते. अंतर वाढत जात असेल, तर गतीतच विसंगती आहे. तेथे सरकविण्याचा उपयोग नाही.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, चित्र व ध्वनी दोन्ही २५/२४ पट वेगाने चालविणे. यात मेळ राहतो, परंतु आवाज पेटीवरील लगतच्या दोन पट्ट्यांमधील अंतराच्या सुमारे सात दशांश इतका चढतो. दूरचित्रवाणीवर चित्रपट अनेक वर्षे असेच दाखविले गेले. गायनाच्या ध्वनिमुद्रणास ही रीत आमच्या मते अयोग्य होय. दुसरा उपाय, दर सेकंदास एक फ्रेम पुन्हा दाखविणे. ध्वनी अबाधित राहतो. कॅमेरा संथपणे फिरताना किंचित धक्का जाणवतो, इतकेच. जुन्या मुलाखती व व्याख्याने जपावयाची असतील, तर हाच मार्ग बरा.

ध्वनीच्या मोजमापांची संख्याही एक करून घ्यावी लागते. ४४,१०० मोजमापांचा ध्वनी ४८,००० समजून वाजविल्यास दहा मिनिटांचे भाषण ५५१ सेकंदांत संपते व वक्त्याचा आवाज चढलेला ऐकू येतो.

मोबाइलवरील चित्रीकरणात आणखी एक अडचण असते. अंधुक प्रकाशात प्रत्येक फ्रेमला अधिक वेळ प्रकाश मिळावा म्हणून कित्येक कॅमेरे गती आपोआप उतरवितात. अशी फाइल प्रथम स्वतंत्रपणे एका स्थिर गतीत बदलून घ्यावी. तिच्यातील चित्राचा व ध्वनीचा कालावधी जुळतो की नाही ते पाहावे, आणि मगच ती इतर भागांस जोडावी. एफएफएमपेगसारख्या विनामूल्य साधनांनी ही सर्व कामे करता येतात.