विश्लेषण : ‘जोड्या लावा’ मोबाइलवर आल्या, पण अंध विद्यार्थ्यांना त्या लावता येतात का?

बालभारतीच्या पुस्तकातील क्यूआर कोड स्कॅन केला, की ‘दीक्षा’ ॲपवरील व्हिडिओ आणि सराव प्रश्न उघडतात. करोनाकाळापासून अनेक शिक्षक स्वतःही ऑनलाइन चाचण्या तयार करून पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर टाकतात. गंगापूर तालुक्यात लासूर स्टेशन असो की वाळूज, लिंक पोहोचायला अंतर आड येत नाही. मात्र नेहमीच्या शाळेत शिकणाऱ्या अंध विद्यार्थ्याला ती लिंक उघडता आली, तरी स्वाध्याय सोडवता येईलच असे नाही. उत्तर पाठ असूनही पदरी शून्य गुण पडू शकतात. हे कशामुळे होते आणि त्यावर उपाय काय?

स्क्रीन रीडर कसे काम करते?

स्क्रीन रीडर हे पडद्यावरील मजकूर आवाजात वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर आहे. अँड्रॉइड फोनमध्ये ‘टॉकबॅक’ ही सुविधा असते. संगणकासाठी ‘एनव्हीडीए’ मोफत मिळते. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातील अंध तरुणाने २००६ मध्ये ते लिहायला घेतले. स्क्रीन रीडर पडद्याकडे ‘पाहत’ नाही, तर पानामागील कोड वाचतो. एखादे बटण कोडमध्ये ‘बटण’ म्हणून नोंदवले असेल, तरच तो ‘उत्तर तपासा, बटण’ असे सांगतो. नुसता रंगीत चौकोन काढून त्यावर क्लिकची सोय केली असेल, तर डोळस मुलाला बटण दिसते, पण अंध मुलासाठी ते अस्तित्वातच नसते.

स्वाध्यायात नेमके कुठे अडते?

‘नदी व काठावरील गाव, जोड्या लावा’ हा प्रश्न घ्या. गोदावरीसमोर पैठण, भीमेसमोर पंढरपूर, इंद्रायणीसमोर आळंदी. वहीत हा प्रश्न सोपा असतो. ऑनलाइन स्वाध्यायात गावाचे नाव बोटाने धरून नदीपर्यंत ओढत न्यावे लागते. कुठून कुठे ओढायचे हे दिसत नसेल, तर मुलगा तिथेच थांबतो. उत्तर दिल्यावर चौकट हिरवी किंवा लाल होते. रंग ऐकू येत नाही, त्यामुळे बरोबर की चूक हे कळत नाही. त्यातच ३० सेकंदांचे घड्याळ लावलेले असेल, तर प्रश्न आणि चारही पर्याय ऐकून होण्याआधीच वेळ संपू शकते.

मराठीची वेगळी अडचण कोणती?

युनिकोडपूर्व काळातील फॉन्टमध्ये टाइप केलेला मराठी मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण आत इंग्रजी अक्षरे व चिन्हे साठवलेली असतात. स्क्रीन रीडर तीच निरर्थक अक्षरे वाचतो. प्रश्नपत्रिकेचा फोटो पाठवला, तर अनेकदा ‘इमेज’ एवढेच ऐकू येते. तिसरी चूक दिसतच नाही. पानाच्या कोडमध्ये भाषा ‘इंग्रजी’ नोंदवलेली राहिली, तर इंग्रजी आवाज देवनागरी शब्द गाळतो किंवा चुकीचे उच्चारतो. तिथे ‘मराठी’ अशी नोंद केली, की उपकरणात मराठी आवाज असल्यास तो वापरला जातो.

कायदा काय सांगतो?

२०११ च्या जनगणनेनुसार देशात सुमारे ५० लाख दृष्टिबाधित व्यक्ती आहेत. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधील कलम ४२ नुसार इलेक्ट्रॉनिक माध्यमातील मजकूर सुगम स्वरूपात उपलब्ध होईल, अशी पावले सरकारने उचलायची आहेत. कलम १७ मध्ये लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना १८ वर्षांपर्यंत पुस्तके, इतर अध्ययन साहित्य आणि योग्य साहाय्यक साधने मोफत देण्याची तरतूद आहे. राजीव रतुरी प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे निकष केवळ शिफारसवजा ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारक हवेत, असे स्पष्ट केले. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सेवांची उपलब्धता ही संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काशी जोडली गेली. तो खटला ई-केवायसीचा होता, पण त्यातील तत्त्व शिक्षणालाही लागू पडते.

मार्ग काय?

वेबच्या आंतरराष्ट्रीय सुगम्यता निकषांची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. ओढून करायची कृती न ओढताही करता आली पाहिजे, हा निकष त्यात आहे. म्हणजे जोड्या लावताना प्रत्येक नदीपुढे गावांची यादी द्यायची आणि त्यातून निवड करू द्यायची. प्रश्न तोच, काठिण्यही तेच. शिक्षकांना पुढील गोष्टी आजही करता येतील :

• मजकूर युनिकोडमध्येच टाइप करावा, प्रश्नाचा फोटो पाठवू नये.

• आकृतीचे वर्णन लिहावे, पण त्यात उत्तर फोडू नये. ‘त्रिकोण अबक, कोन ब ९० अंश, बाजू अब ३ सेमी, बाजू बक ४ सेमी’ एवढे पुरे. कर्ण मुलाला काढू द्यावा.

• रंगासोबत ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ हे शब्दही दाखवावेत आणि ते आपोआप वाचले जातात का, हे पाहावे.

• वेळेची मर्यादा काढावी किंवा वाढवता येईल अशी ठेवावी.

तपासणी कशी करायची?

यासाठी तज्ज्ञ लागत नाही. संगणकावर माउस बाजूला ठेवून फक्त टॅब, बाण आणि एंटर या कळांनी स्वाध्याय पूर्ण करून पाहावा. मोबाइलवर टॉकबॅक सुरू करावा. उजवीकडे बोट सरकवले की पुढचा घटक वाचला जातो आणि दोनदा टॅप केले की निवडला जातो. मग डोळे मिटून तीच चाचणी द्यावी. शिक्षक जिथे अडेल, तिथेच विद्यार्थीही अडण्याची शक्यता आहे. त्यानंतर शक्य असेल तर स्क्रीन रीडर रोज वापरणाऱ्या विद्यार्थ्याकडूनच चाचणी सोडवून घ्यावी, कारण सवयीच्या वापरातील अडचणी त्यालाच नेमक्या सांगता येतात. हे सारे लिंक गटावर टाकण्याआधी व्हायला हवे, कारण गुण नोंदवले गेल्यावर शून्य अज्ञानामुळे पडला की बटणामुळे, हे गुणपत्रक सांगत नाही.