नोंदणीचा शिक्का आणि न निघालेले यंत्र

‘अहो, कंपनीची सरकारदरबारी रीतसर नोंद आहे, तिचे शेअर बाजारात विकले जातात, मग ती खोटी कशी असेल?’ एखाद्या नवजात कंपनीने व्हिडिओ गेमचा अभूतपूर्व कन्सोल काढण्याची घोषणा करावी, कोणी तिच्याविषयी शंका काढावी आणि लगोलग हा प्रश्न त्याच्या तोंडावर फेकला जावा, हा प्रकार इतक्या वेळा पाहिला आहे की आता कान किटले. हा प्रश्न विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांनी त्या नोंदणीचे दफ्तर उघडून पाहिलेले नसते. म्हणून फ्लोरिडातील इन्फिनियम लॅब्ज या कंपनीची हकीकत थोडी सविस्तर सांगणे प्राप्त आहे.

२००२ साली टिमथी रॉबर्ट्स यांनी स्थापन केलेल्या या कंपनीने पुढच्याच वर्षी ‘फँटम’ नामक कन्सोलची घोषणा केली. दुकानातून तबकडी आणण्याचे कारण नाही, इंटरनेटवरून खेळ थेट यंत्रात उतरतील, अशी ती कल्पना होती. आणि कल्पना म्हणून ती मुळीच वेडगळ नव्हती, हे आज आपण सारे जाणतोच. २००४ च्या आरंभी ही कंपनी, अगोदरच नोंदलेल्या एका कंपनीशी विलीनीकरण करून, आडवाटेने सार्वजनिक झाली. तिचे शेअर न्यूयॉर्कच्या बड्या बाजारात नव्हे, तर जेथे प्रवेशाच्या अटी पुष्कळच सैल असतात अशा ओटीसी व्यवहारांत फिरू लागले. तथापि ‘नोंदलेली कंपनी’ एवढे दोन शब्द श्रद्धाळूंना पुरेसे झाले.

वस्तुतः नोंदणी म्हणजे सत्यतेचा दाखला नव्हे. अमेरिकेत जनतेला रोखे विकण्यासाठी जे माहितीपत्रक निघते, त्याच्या दर्शनी भागी कायद्यानेच असे छापावे लागते की सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनने या रोख्यांना संमती दिलेली नाही, माहितीच्या सत्यतेविषयी निर्णयही दिलेला नाही, आणि याउलट सांगणे हा गुन्हा आहे. आपल्याकडील माहितीपत्रकांतही सेबीच्या नावे याच अर्थाचे कलम असते. आयोग आपणांस सांगतो की मी जामीन नाही, आणि आपण मात्र त्यालाच जामीन म्हणून उभे करतो!

मग त्या दफ्तराचा उपयोग काय? उपयोग असा, की ते वाचता येते. इन्फिनियमने स्वतः दाखल केलेल्या कागदपत्रांवरूनच पुढे उघड झाले, की स्थापनेपासूनचा एकूण तोटा ६ कोटी डॉलरांच्या वर गेला असता, ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप होता त्या यंत्राच्या विकासावर जेमतेम ३५ लक्ष डॉलर खर्ची पडले होते. ज्या नोंदणीचा हवाला देऊन शंकेखोरांना गप्प केले जात होते, तीच नोंदणी त्यांच्या बाजूची सर्वात भक्कम साक्षीदार निघाली.

दरम्यान १८ नोव्हेंबर २००४ हा विक्रीचा मुहूर्त टळला. पुढे जानेवारी, मग मार्च, असे वायदे होत गेले. मे २००६ मध्ये आयोगाने रॉबर्ट्स यांच्यावर फिर्याद गुदरली. दलालाकरवी फॅक्सद्वारे भ्रामक जाहिरात करवून शेअरचा भाव फुगविला आणि स्वतःजवळचे शेअर विकले, असा आरोप होता. २००८ मध्ये तडजोड होऊन त्यांना ३० हजार डॉलरांचा दंड झाला व सार्वजनिक कंपनीच्या अधिकारपदावर पाच वर्षे बंदी आली.

‘मोठी माणसे सामील आहेत’ हा दुसरा युक्तिवाद. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सच्या जनकांपैकी एक, केव्हिन बाकस, इन्फिनियमचे अध्यक्ष झाले होते, आणि २००५ मध्ये निघूनही गेले. माणसाचा लौकिक यंत्रात शिरत नाही.

‘टीकाकारांनी खोटे लिहिले असते तर कंपनीने खेचले नसते का कोर्टात?’ खेचण्याची धमकी दिलीच होती. हार्डओसीपी या नियतकालिकाने सप्टेंबर २००३ मध्ये संस्थापकाचे पूर्वीचे उद्योग तपासून प्रश्न विचारले, तेव्हा नोटीस आली. नियतकालिकानेच टेक्सासात दावा लावला, आणि अखेरीस ५० हजार डॉलर कंपनीला मोजावे लागले.

‘प्रदर्शनात चालू यंत्र या डोळ्यांनी पाहिले’ असे म्हणणाऱ्यांनी कोलेको कमेलियन या कन्सोलचे स्मरण करावे. फेब्रुवारी २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या खेळणी प्रदर्शनात मांडलेल्या त्या नमुन्याच्या मागच्या जोडण्या पाहून जाणकारांनी ओळखले, की अटारी जॅग्वारच्या सांगाड्यात निन्टेन्डोचे जुने यंत्र बसविले आहे. मग अंतरंग दाखविणारे छायाचित्र प्रसिद्ध झाले, तर त्यात दिसलेला सर्किट बोर्ड संगणकात बसवावयाचे व्हिडिओ कॅप्चर कार्ड निघाले! झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ती याचसाठी. नाव वापरू देणाऱ्या कोलेकोने प्रत्यक्ष नमुना तपासावयास मागितला, आणि मार्चमध्ये प्रकरण संपले. (त्याच फेब्रुवारीत आपल्या देशात २५१ रुपयांच्या फोनचा गाजावाजा चालला होता, आणि पत्रकारांच्या हाती दिलेल्या नमुन्यांवर दुसऱ्याच कंपनीचे नाव व्हाइटनरखाली आढळले होते.)

उलट बाजूचा गैरसमजही आहे: विलंब झाला म्हणजे लबाडी. हेही खरे नव्हे. ओरेगॉनमधील पॅनिक या छोट्या कंपनीने २०१९ मध्ये जाहीर केलेला प्लेडेट हा कन्सोल, तयार संचांच्या बॅटऱ्या सदोष निघाल्याने रखडला. कंपनीने दोष स्वतःच सांगितला, बॅटऱ्या बदलल्या, आणि २०२२ मध्ये यंत्र गिऱ्हाइकांच्या हाती पडले. औया हा कन्सोल तर २०१२ मध्ये लोकवर्गणीतून ८५ लक्ष डॉलर जमवून पुढच्याच वर्षी बाजारात आला. तो चालला नाही, पण आला.

फँटमचे नाव असलेली वस्तूही अखेर २००८ मध्ये विक्रीस निघाली. ती होती मांडीवर ठेवावयाचा एक कळफलक आणि सोबत माउस. कन्सोल निघालाच नाही.