सुप्याचा बाजार आणि जळालेले रोखे

बारामती तालुक्याच्या जिरायती पट्ट्यात, मोरगावच्या अलीकडे-पलीकडे फिरताना सुपे लागतं. आज ते आठवडे बाजाराचं गाव आहे. शिवकाळात ते परगण्याचं ठाणं होतं. शहाजीराजांची जहागीर पुणे-सुप्याच्या नावाने ओळखली जाई. सुपे होतं संभाजी मोहित्यांकडे, म्हणजे शिवाजी महाराजांच्या सावत्र मामांकडे. शिमग्याची पोस्त मागायच्या निमित्ताने महाराज तिथे गेले आणि मामांना कैद करून ठाणं ताब्यात घेतलं, असं सभासदाची बखर सांगते.

इंग्रजी अमलात सुपे भीमथडी तालुक्यात आलं. धान्य, कापड आणि कर्ज, तिन्हींसाठी आसपासच्या कुणब्याला याच पेठेत यावं लागे. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात इथल्या कापसाला भाव आला, सावकारांनीही हात सैल सोडला. युद्ध संपलं, भाव कोसळले. त्यातच शेजारच्या इंदापूर तालुक्यातली १८३६ची तीस वर्षांची साराबंदी संपून फेरआकारणी झाली आणि सारा वाढला. इतर तालुक्यांतही तेच घडलं.

खरा फास रोख्यात होता. १८५९च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जाचा दावा तीन वर्षांतच लावता येई. म्हणून सावकार दर तीन वर्षांनी नवं खत लिहून घेई आणि थकलेलं व्याज मुद्दलात चढवी. शंभराचं मुद्दल असं न घेतलेल्या पैशानेच फुगत जाई. मजकूर सावकाराचा, कुणब्याचं त्यावर काय, तर ‘निशाणी नांगर’. खाली काढलेला तो नांगर त्याची सही, पण वर काय लिहिलंय ते त्याला वाचता येत नसे. कोर्टात मात्र तोच कागद बोले.

१२ मे १८७५, बुधवार, बाजाराचा दिवस. खेड्यापाड्यांतून जमलेले शेतकरी गुजर सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर चालून गेले. कापड-धान्य लुटलं गेलं, आगही लागली. पण जमावाची पहिली मागणी रोखे आणि वह्यांची होती. दंगा पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला, तिथेही माणसांना इजा क्वचितच झाली. झाली ती मुख्यतः खतं द्यायला नकार मिळाला तिथे. ज्यांना लोक अडाणी म्हणत, त्यांनी आपल्या दुखण्याचं मूळ अचूक ओळखलं होतं.

सरकारने चौकशी आयोग नेमला. १८७९मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला आणि पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. खत गावच्या निबंधकासमोरच करायचं ठरलं. रोख्यावरच्या आकड्यावर न थांबता व्यवहाराच्या मुळाशी जायचा अधिकार कोर्टाला मिळाला, आणि कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं थांबलं. न्यायमूर्ती रानड्यांनी याच कायद्याखाली न्यायाधीश म्हणून काम केलं.

कर्ज त्याने संपलं नाही. जोतीराव फुल्यांनी १८८३मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ पूर्ण केला, तेव्हाही कुणबी कर्जातच होता. तरीही पुस्तकांत सुप्याचं नाव केवळ ‘दंगा’ या शब्दापुढे येतं, ते मला अपुरं वाटतं. देणं नाकारण्यासाठी नव्हे, तर खोटा हिशेब नाकारण्यासाठी ती गर्दी जमली होती. कर्जाचा कागद कर्ज घेणाऱ्याला समजला पाहिजे, हे सरकारला कायद्यात लिहावं लागलं, ते या बाजारपेठेमुळे. सुप्याची ओळख सांगताना हे आधी सांगावं.