माती गोव्याची, नफा मॉरिशसचा!

अक्कलकुव्यात लोखंडाची खाण नाही. मग मोलगीच्या बाजारात मोबाईलचा रिचार्ज मारणाऱ्या आदिवासी मजुराने मॉरिशस, सायप्रसची नावे का ऐकावीत? कारण त्या रिचार्जवर तो १८ टक्के जीएसटी मुकाट भरतो. ऊसतोडीला गुजरातेत गेला तरी कर त्याला सोडत नाही. त्याला पळायला मॉरिशस नाही. खाणवाल्याला आहे!

खाण उचलून बेटावर नेता येत नाही. डोंगर इथेच, मजूर इथेच, लाल धूळही इथल्याच पोरांच्या छातीत. नेता येतो तो नफा, आणि तोही कागदावर. एकच मालक दोन पाट्या लावतो. एक खाणीवर, दुसरी सिंगापूर किंवा दुबईत. खाणीवरची कंपनी माल आपल्याच भावंड कंपनीला स्वस्तात विकते, ती चीनला बाजारभावाने विकते. जहाज मात्र गोव्याहून सरळ चीनला जाते! मधला नफा जिथे कर नाममात्र, तिथे जिरतो. लोहखनिजाची रॉयल्टी २००९ पासून किमतीच्या टक्क्यांवर ठरते. म्हणजे किंमत पाडून दाखवली की रॉयल्टीचाही पाया खचतो. निर्यातीत किंमत कमी दाखवण्याच्या या प्रकारावर न्या. एम. बी. शहा आयोगाने बोट ठेवले होते.

दुसरी युक्ती मालकीची. २००७ मध्ये वेदांताने 'सेसा गोवा'चे ५१ टक्के भाग जपानच्या मित्सुईकडून सुमारे ९८ कोटी डॉलरला घेतले. पण सेसाचा एकही शेअर थेट विकला गेला नाही. ते भाग फिनसायडर नावाच्या ब्रिटिश कंपनीकडे होते. ती कंपनीच विकली गेली, आणि घेणारे कोण? सायप्रसची रिक्टर होल्डिंग आणि मॉरिशसची वेस्टग्लोब. सौदा परदेशात, तर भारताचा कर कसला, असा युक्तिवाद! विक्रीच्या नफ्यावरचा कर का कापला नाही, अशी नोटीस आयकर खात्याने काढली. कंपन्या कर्नाटक उच्च न्यायालयात गेल्या. २०११ मध्ये न्यायालयाने त्यांना खात्यापुढेच जायला सांगितले.

अशा सौद्यांवर मागील तारखेपासून कर लावणारी दुरुस्ती २०१२ मध्ये झाली. उद्योगपतींनी 'कर-दहशतवाद' म्हणून ओरड केली. २०२१ मध्ये सरकारने २०१२ पूर्वीच्या सौद्यांवरची मागणी सोडून दिली. मॉरिशसशी असलेला करार २०१६ मध्ये बदलून शेअर विक्रीवरची सूट काढली, ती मात्र १ एप्रिल २०१७ नंतर घेतलेल्या शेअरांपुरती. जुन्यांना अभय! सरदार सरोवराच्या पाण्यात मणिबेली बुडाली, तेव्हा तिथल्या आदिवासींना असे अभय कोणी दिले?

हे सारे कायद्यात बसते, असे वकील सांगतील. बसतही असेल. कायदा कोणाच्या मापाने शिवला, हा आमचा प्रश्न आहे.

अक्कलकुवा अनुसूचित क्षेत्रात येतो. १९९६ च्या पेसा कायद्याने गौण खनिजाच्या लीजसाठी ग्रामसभेची शिफारस सक्तीची केली. लोखंड, बॉक्साईटसारख्या मोठ्या खनिजांना ती अट नाही. ती लावा, आणि लीज मागणाऱ्या कंपनीचा खरा मालक कोण, तो कोणत्या देशात कर भरतो, हे ग्रामसभेपुढे मराठीत, भिलीत वाचून दाखवा, अशी आमची मागणी आहे.