डॉट अ‍ॅमेझॉन: नदीचं की कंपनीचं?

परवा एका मित्राच्या दुकानासाठी मी डोमेन घेत होतो. त्याने सहज विचारलं, "हे शेवटचं डॉट कॉम, डॉट इन कोण ठरवतं रे? सरकार का?" उत्तर हो पण आहे आणि नाही पण. मला ते समजलं ते अ‍ॅमेझॉनच्या भांडणातून.

आधी थोडक्यात व्यवस्था. डॉटच्या उजवीकडच्या सगळ्या नावांची एकच मूळ यादी असते, तिला रूट झोन म्हणतात. ती सांभाळते आयकॅन ही कॅलिफोर्नियातली ना-नफा संस्था. १ ऑक्टोबर २०१६ पर्यंत या कामावर अमेरिकेच्या वाणिज्य खात्याचा करार होता, म्हणजे शेवटची सही अमेरिकेची! बाकीच्या देशांना आयकॅनमध्ये एक सल्लागार समिती आहे. सल्लागार हा शब्द लक्षात ठेवा. तिला नकाराधिकार नाही.

२०१२ मध्ये आयकॅनने नवीन नावांसाठी अर्ज मागवले. फी एका अर्जाला १,८५,००० डॉलर, तरी १,९३० अर्ज आले. अ‍ॅमेझॉन कंपनीने साहजिकच स्वतःचं नाव मागितलं. ब्राझील आणि पेरू म्हणाले, थांबा, ही आमची नदी आहे, जंगल आहे, तिथे माणसं राहतात.

आता गंमत बघा. देशांची आणि त्यांच्या राज्यांची नावं एका आंतरराष्ट्रीय मानक यादीत असतात. देशाचं नाव कुणालाच मिळत नाही आणि राज्याचं हवं असेल तर सरकारची संमती लागते. त्या यादीत ब्राझीलचं 'अमॅझोनस' राज्य आहे, पेरूचा त्याच नावाचा प्रांत आहे. पण इंग्रजी 'अ‍ॅमेझॉन' नाही! नियमावर बोट ठेवलं तर कंपनी बरोबर होती.

मग सरकारांनी अडवलं कसं? समितीत मतदान होत नाही. कुणीच औपचारिक हरकत घेतली नाही तर ती एकमताची शिफारस ठरते आणि ती डावलणं आयकॅनच्या संचालकांना जड जातं. सुरुवातीला अमेरिका कंपनीच्या बाजूने आड येत होती. जुलै २०१३ मध्ये डर्बनच्या बैठकीआधी तिने तटस्थ राहायचं ठरवलं. अमेरिका गप्प बसली, एकमत झालं आणि मे २०१४ मध्ये अर्ज फेटाळला गेला. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वांत ताकदवान कृती ही गप्प बसण्याचीच होती.

भारताचा अनुभव उलटा. क्रायस्लरने आपल्या ट्रकसाठी डॉट राम मागितलं होतं (त्यांच्यासाठी राम म्हणजे मेंढा, आपल्यासाठी काय ते सांगायला नको). भारताने विरोध केला. पण निवेदनात ती समितीची हरकत म्हणून नाही, फक्त भारत सरकारचं म्हणणं म्हणून नोंदली गेली. एकट्या देशाचं म्हणणं आणि सगळ्यांचं एकमत, वजनात एवढा फरक पडतो.

अ‍ॅमेझॉनने मात्र हार मानली नाही. प्रकरण स्वतंत्र लवादाकडे गेलं आणि जुलै २०१७ मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला. मुद्दा साधा होता: सरकारं म्हणाली म्हणून नाही चालणार, नकाराचं सार्वजनिक हिताचं कारण संचालकांनी स्वतः तपासायला हवं होतं. पुढे त्या प्रदेशातल्या आठ देशांशी वाटाघाटी झाल्या. कंपनीने त्या भागाच्या वारशाशी संबंधित काही नावं राखून ठेवायची तयारी दाखवली, पण समेट काही झाला नाही. मे २०१९ मध्ये आयकॅनने अर्ज पुढे न्यायला हिरवा कंदील दिला. आज डॉट अ‍ॅमेझॉन कंपनीकडे आहे.

नवीन अर्जांची पुढची फेरी आयकॅनने एप्रिल २०२६ साठी ठरवली, फी २,२७,००० डॉलर. डॉट महाराष्ट्र कुणाला हवं असेल तर सरकारचं पत्र लागेल, कारण ते नाव यादीत आहे. डॉट इंद्रायणीला तसं पत्र लागणार नाही. तिथे हरकत घ्यायची तर दिल्लीला अर्जांची यादी वाचून वेळेत घ्यावी लागेल, आणि बाकीचे देश गप्प बसतील असं बघावं लागेल.